पुठ्ठ्याखालची फरशी

मनीषनगरातल्या एका कॉम्प्लेक्समध्ये माझं मॅचिंगचं छोटं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असलं सगळं. आई रोज माझ्यासोबत यायची आणि आत बसून साड्यांना फॉल लावायची. बाबा गेल्यापासून तिला या जाण्यायेण्याचाच आधार होता. कोणी हात धरलेला तिला अजिबात खपायचा नाही.

आमचे जुने सेक्रेटरी रोज सकाळी, शटर उघडायच्या आधी, सगळा मजला फिरून बघायचे. कुठली फरशी हलते, कुठे पाणी साचलंय, पायरीची कड कुठे उडालीय. काही दिसलं की लागलीच मिस्त्री बोलवायचे. ते मुलाकडे राहायला गेले आणि नव्या कमिटीला हा रिकामटेकडा उद्योग वाटला. त्याऐवजी कॅमेरे लागले. आता कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतं. जमीन तेवढी कोणी बघत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक दुकानासमोर कूलर. कूलर म्हटला की गळणार, आणि गळला की खाली पुठ्ठा टाकायचा, ही इथली रीतच. एखादा खोका फाडला, पसरला, झालं काम. गिऱ्हाईक घसरू नये एवढीच इच्छा. कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, आणि मला नेमकं हेच छळतं. पाणी मुरून मुरून शेजारच्या दुकानासमोरची फरशी आधी सुटली, मग तिचा मोठा तुकडाच निघाला. पुठ्ठा भिजला की त्यावर दुसरा पडायचा. खालचा उचलून बघावं, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी आई दुकानाबाहेर निघाली. मी काउंटरवरून बघत होते. समोर ओली, चकचकीत फरशी आणि कडेला कोरडा पुठ्ठा. ती जरा थांबली, साडी वर धरली आणि पुठ्ठ्यावर पाय ठेवला. पाय खड्ड्यात गेला, ती कुशीवर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड म्हणे जुळलं. आई काही उठली नाही. डॉक्टर आता तिच्या चालण्याचा विषयच काढत नाहीत.

भेटायला सगळे आले. नारळपाणी आणलं, आणि या वयात पाहून चालावं लागतं, असं प्रत्येकाने ऐकवलं. कमिटीचा माणूसही तेच म्हणाला. वर कॅमेऱ्यात बघितलं, कोणाचा धक्का लागलेला नाही, असंही सांगितलं. माझं डोकंच फिरलं. रोज सकाळी एक माणूस पुठ्ठे उचलून बघत फिरला असता तर माझी आई आज चालत असती, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. मीटिंगमध्ये विषय घेऊ, म्हणाला. अजून घेताहेत.

आई मात्र सगळ्यांपुढे मान हलवायची. मीच धांदरट, म्हणायची. तिने ते मनाला लावून घेतलंय असं मला वाटायचं, आणि तिला समजवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

परवा तिचे पाय पुसत होते. ती छताकडे बघत होती.

"मी त पाहूनच पाय ठेवला होता वं," ती म्हणाली. "ओलं सोडून कोरड्यावर ठेवला. मंग मी चुकली कुठं?"