मुख्याध्यापिकांचं मनोगत आणि नवी सिस्टीम

आमच्या आत्याच्या कॉम्प्युटरने एका दसऱ्याला मुख्याध्यापिकांचं मनोगत खाल्लं. तेही उलटं! आधी सही गेली, मग 'आपली नम्र', मग आभार, आणि मग शाळेचा एकेक सद्गुण.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आत्याचा साताऱ्यात टायपिंगचा क्लास होता. ती बोलायची अस्सल कोरेगावचं, पण टाइप केलेल्या पानात वेलांटीची चूक शोधून सापडायची नाही. टाइपरायटरवर खोडता येत नाही, त्यामुळे चुकायचंच नाही, असा तिचा सरळ हिशेब. (मी ओळीला दोनदा खोडते.) पण क्लासला पोरं येईनाशी झाली, तेव्हा तिने पन्नाशीत कॉम्प्युटर घेतला आणि तीन महिन्यांत त्यावर मराठी टायपिंग शिकली. पहिलंच मोठं काम मिळालं ते एका मुलींच्या शाळेच्या स्मरणिकेचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापखान्यात द्यायची होती. हे काम नीट गेलं, तर वर्षभराच्या प्रश्नपत्रिकाही आत्याकडेच येणार होत्या.

मी सांगलीहून सुट्टीला आले होते. सोबत आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी दिलेली नव्या सिस्टीमची सीडी होती. मी लोकांशी फारशी बोलत नाही, पण इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून घरातली सगळी यंत्रं माझ्या ताब्यात असत.

"आत्या, नवी सिस्टीम टाकते. मशीन पळेल नुसतं."

"चालतंय त्येला कशाला हात लावतीस? पळून कुटं जायाचंय त्येला?"

पण भाचीचं मन मोडायचं नाही म्हणून तिने परवानगी दिली. अष्टमीला मी सिस्टीम टाकली. आत्याने लगेच चार पानं टाइप करून पाहिली. सगळं झकास!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. क्लासमधले सगळे टाइपरायटर पुसून पूजेला मांडले, आणि मधोमध कॉम्प्युटर. "तुझं मशीन, तूच पूज," आत्या म्हणाली. मी पूजा केली. (याचा पुढे संबंध येईल. तूर्त विसरा.) पूजेला लावलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून तो दिवस तसाच गेला.

दसऱ्याला दुपारी पूजा उतरवली. मनोगताखाली एका देणगीदाराचं नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. "मी घालते," मी म्हटलं. नाव चुकलं. खोडायचं बटण दाबलं. चूक खोडली गेली, आणि मग खोडणं थांबेचना! बोट उचललं तरी अक्षरं मागे मागे गडप होत होती.

"आगं, बाईंची सही ग्येली!"

"थांब, बघते."

"आगं, आता त्यांची शिस्तबी ग्येली! बंद कर!"

मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं, तर काळा पडदा, एक शिट्टी आणि इंग्रजीत एक ओळ. मी ती वाचली आणि गंभीर चेहरा केला.

"नव्या सिस्टीममुळे झालं असणार. कधी कधी परिणाम उशिरा दिसतात."

"फ्लॉपीवर उतरवून ठ्येवलंय न्हवं?" आत्याने विचारलं.

मी छताकडे पाहिलं. एकमेव फ्लॉपीवर मी अष्टमीला पत्त्यांचा खेळ उतरवला होता.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर ही रांग! चारचौघांत फोनवर बोलायचं म्हणजे मला आधीच घाम. त्यात बूथवाले तानाजीमामा.

"कुटं लावू?"

"सांगली."

"कोन आजारी हाय का?"

"कॉम्प्युटर," मी पुटपुटले.

"वय काय?"

"आठ महिने."

"लय ल्हान हाय वं!" रांगेतली एक बाई हळहळली आणि तिने माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

सरांनी काहीही न विचारता निदान केलं. "नवी सिस्टीम टाकली ना? मग तीच! फॉरमॅट मारून टाका." (सीडी तुमचीच, हे मी मनात म्हटलं. मनात मी फार धीट आहे.)

फॉरमॅट म्हणजे काय, हे मी घरी येऊन आत्याला सांगितलं. सगळं पुसायचं. स्मरणिकेसकट. ती क्षणभर खुर्चीत बसली. मी सरांची सीडी उचलली, तोच तिने माझा हात धरला.

"अष्टमीला शिष्टीम टाकल्यावर मी चार पानं मारली. तवा नीट हुतं?"

"हो."

"नवी सून आल्यावर आठवड्यानं दूध नासलं, तर सुनंलाच बोल लावायचा व्हय? भांडं बघशील का न्हाई आदी? काय लिवलंय त्या पडद्यावर?"

"कीबोर्ड एरर."

"म्हंजी?"

"कीबोर्डमध्ये... बिघाड आहे."

आत्या माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिसऱ्या इयत्तेत पाढा विसरले होते, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

"आनि तू सांगलीला फोन करून आलीस!"

तिने कीबोर्डची वायर काढली, वर्तमानपत्र पसरलं आणि तीस वर्षं टाइपरायटर बरे केलेल्या हाताने कीबोर्ड पालथा करून पाठीवर तीन थापा मारल्या. कुंकवात भिजवलेल्या अक्षतांचा सडा पडला!

"आगं, एवढ्या अक्षता लग्नात पडत न्हाईत!"

"प्रत्येक बटणाला मिळाव्यात म्हणून..." मी म्हटलं. (सांगितलं होतं ना, संबंध येईल.)

खोडायच्या बटणाखाली एक दाणा घट्ट रुतला होता. आत्याने केसातली पिन काढून तो अलगद उपसला. मी वायर जोडली, बटण दाबलं. नवी सिस्टीम गुणी बाळासारखी उठली. मनोगत शाबूत! खाल्लेलं सगळं नुसतं पडद्यावरच खाल्लं होतं; आत साठवलेलं तसंच होतं. देणगीदाराचं नाव आत्याने स्वतः टाइप केलं, अर्थात एका दमात, न खोडता.

स्मरणिका वेळेवर गेली. प्रश्नपत्रिकाही आल्या. शाळेत पुढे बारा कॉम्प्युटर आले, तेव्हा बिघाड झाला की आत्यालाच बोलावत. ती पिन घेऊन जाई, आणि आधी पडद्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घेई.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छापखान्याकडे जाताना तानाजीमामांनी बूथमधून हाक मारली होती. "आवं बाई, पेशंट कसा हाय? त्या नव्या शिष्टीमनं घात केला म्हनं?"

"छ्या!" आत्या म्हणाली. "शिष्टीमचा काय दोष न्हाई. आमच्या भाचीनं क्येलं हुतं."