बैल जुंपलेली मोटार

सासुरवाडीत ऐट मिरवायची म्हणून मी सोलापुरातून भाड्याची मोटार घेतली. चालवायला शिकून आठवडाच झाला होता. सांगोल्याअलीकडे जवळची वाट म्हणून ती ओढ्यात घातली आणि चाकं वाळूत रुतली.

शेजारच्या रानात एक जण नांगरत होता. त्यानं काही न विचारता नांगर सोडला आणि बैल मोटारीला जुंपले. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मग मोटारीच्या बॉनेटवरूनही तसाच फिरवला.

मोटार वर आली, इंजिनही सुरू झालं. तो मात्र बैल सोडीना.

"आता जाईन मी," मी म्हणालो.

"जाल की. पन फुडं अजून दोन वढं हायती."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा आधी बैलांवरून ओवाळला, मग माझ्यावरून.