गोरखभाऊंची जित्राबं

बेडशाचे गोरखभाऊ आमच्या टाकीतल्या जिवाणूंना जित्राबं म्हणतात. परंदवडीजवळच्या मोठ्या वसाहतीचं मैलापाणी आमच्या केंद्रावर येतं. टाकीत खालून हवा सोडलेली असते आणि त्या तपकिरी, खदखदत्या पाण्यात कोट्यवधी जिवाणू घाण खाऊन पाणी निवळ करतात. भाऊ त्यांचे गुराखी. शिक्षण आठवी. केंद्राचं बांधकाम चालू असताना राखणदार म्हणून आले आणि बघून बघून ऑपरेटर झाले, त्याला आता चौदा वर्षं झाली.

मी तिथं केमिस्ट म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी टाकीतलं बादलीभर पाणी माझ्या नाकाजवळ धरलं.

"वास घ्या, मॅडम. कसला येतोय?"

"ओल्या मातीसारखा."

"मग पोटं भरल्यात त्यांची," भाऊ खूश होऊन म्हणाले.

त्यांची बायको सरूबाई एकदा मला म्हणाली, "घरी पाव्हणं आलं तरी ह्यांचं ध्यान टाकीत. माज्या गुडघ्याची इचारपूस कंदी केली न्हाई एवढी त्या गाळाची करत्यात."

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सकाळी मी टाकीवर गेले, तर मीटर पाण्यात भरपूर प्राणवायू दाखवत होता. रोजच्या तिप्पट. मी हरखून म्हणाले, "भाऊ, आज हवा छान लागलीय!"

भाऊ कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते. वर पांढरट फेस आला होता.

"हवा उरलीय, ताई," ते हळूच म्हणाले. "खाणारं कुनी असतं, तर उरली असती का?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला ताई म्हटलं. मी थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. एरवी जिथं सारखी लगबग असायची, तिथं काहीच हलत नव्हतं. काचेच्या नळकांड्यात गाळ खाली बसेना. वरचं पाणी गढूळच राहिलं. मैलापाण्यातला अमोनिया तर आला तेवढाच पुढं चालला होता.

मॅनेजरसाहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "एक-दोन दिवसांत सुधारेल. पाणी सोडून द्या नाल्याला."

"न्हाई सोडणार," भाऊ म्हणाले. "नाला फुडं पवनेला मिळतो. तितं लोकांच्या पान्याच्या मोटारी हायेत, बाया धुनं धुत्यात."

साहेब माझ्याकडे वळले. कागदावर सही माझी लागणार होती. माझी नोकरी नवी होती. पण भाऊंनी नाल्याकडच्या बंद व्हॉल्व्हवर हात ठेवला होता, तो बघून मीही नाही म्हणाले. साहेब चिडले, पण शेवटी त्यांनीच टँकर मागवून ते पाणी दुसऱ्या केंद्राकडे पाठवायची सोय केली.

भाऊ मात्र केव्हाच निघाले होते. हातात पांढरा मग आणि लांब काठी. गटाराच्या लाइनवरचं एकेक झाकण उघडायचं, मगात पाणी घ्यायचं, उजेडात धरायचं. मी वही घेऊन मागं. वसाहत संपली, पत्र्याच्या शेडांची ओळ लागली आणि चौथ्या झाकणाखालचं पाणी मगात हिरवं दिसलं. स्वच्छ, सुंदर हिरवं.

समोरची शेड कैलासची होती. नळांना, हँडलांना निकेलचा मुलामा द्यायचं काम. कैलास म्हणजे भाऊंच्या धाकट्या बहिणीचा, हिराचा मुलगा.

"मामा, तुमी हितं?" कैलास हसत बाहेर आला.

"हौदातलं जुनं पानी कुटं वतलं?"

तो गडबडला. "गटारातच. एकदाच, मामा. नवीन भरायचं व्हतं."

भाऊ ओरडले नाहीत. त्याला हाताला धरून केंद्रावर आणलं आणि म्हणाले, "ताई, दाखवा ह्याला."

मी त्याला समजावलं. निकेल, क्रोम, तांबं असल्या धातूंचा कण न् कण जिवाणूंना चिकटतो, आत शिरतो आणि त्यांची पचनाची यंत्रणाच बंद पाडतो. अमोनिया खाणारे सगळ्यात नाजूक. ते आधी जातात आणि परत वाढायलाही फार वेळ घेतात. धातू जळत नाही, कुजत नाही. गाळात बसून राहतो.

कैलास भिंगातून बराच वेळ बघत राहिला. भाऊ माझ्याकडे वळले. "लिवा, ताई. शेडचं नाव लिवा."

"मामा!"

"खोटं लिवून ती जित्ती व्हत्याल का?"

अहवाल गेला, शेडची गटाराची जोडणी तोडली गेली, काम बंद पडलं. हिराबाईंनी भावाशी बोलणं टाकलं. भाऊ ते कुणाला सांगत नसत. सरूबाईंनी मला सांगितलं.

विषारी गाळ उपसून धोकादायक कचऱ्याच्या गाडीतून पाठवला. आमचा वाळका गाळ खत म्हणून नेणाऱ्या गुलाबशेतीवाल्यांना भाऊंनी स्वतः फोन करून थांबवलं. मग लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या केंद्रातून जिवंत गाळ टँकरने आणायचं ठरलं. भाऊ ड्रायव्हरशेजारी बसले. कामशेतला चहा घेतल्याशिवाय हा माणूस कधी पुढं गेलेला नाही, पण त्या दिवशी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली तर ओरडले, "चल म्हनलं ना! हवेबिगर गुदमरत्याल ती!"

टँकर पोचला तेव्हा फाटकाशी कैलास उभा होता, शेणाच्या दोन पाट्या आणि गुळाची ढेप घेऊन. नव्या जिवाणूंना सुरुवातीला खाऊ म्हणून हे देतात, एवढं त्याने कुठूनतरी विचारून घेतलं होतं. भाऊंनी नुसती दुसरी बादली त्याच्याकडे सरकवली.

तो महिनाभर रोज आला. दहाव्या दिवशी गाळ बसू लागला. अमोनिया मात्र हटेना. थंडीचे दिवस, भाऊ आकडा विचारायचे, मी मान हलवायची, ते उठून हवा सोडणारा ब्लोअर बघायला जायचे. सदतिसाव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. मी सांगितल्यावर भाऊ तोंडावर पाणी मारून आले आणि डोळे बराच वेळ पुसत राहिले.

कैलासने नंतर शेडमागं हौद बांधला. आता चुना टाकून धातू खाली बसवतो, तो गाळ वेगळा पाठवतो आणि वरचं पाणी माझ्याकडे तपासायला आणतो. हिराबाई मात्र वर्षभर राग धरून बसल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात सरूबाईंचा गुडघा फारच सुजला, तेव्हा त्या आपण होऊन बेडशाला आल्या आणि आठ दिवस राहून वहिनीचं सगळं केलं. भावाशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "दादा, त्या टाकीतल्यांचं असू दे. हिला डाक्टरकडं कंदी नेणार?"

भाऊंनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. चौदा वर्षांतली तिसरी.