मुरुमचा नावाडी
ट्रंक आवरताना मुरुमचा पत्ता घातलेलं एक कोरं पोस्टकार्ड हाती आलं आणि तो दुष्काळ आठवला. धाराशिवला सकाळी टँकरमागं घागर घेऊन पळायचं आणि दुपारी कार्डावर नदी लिहायची, असे ते दिवस होते. मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावरून मी कितीतरी जणांना कळवलं होतं, मी प्रवासी बनतो, तुम्ही दुसरं कुणी व्हा, आळीपाळीनं गोष्ट लिहू. कुणी फोटो मागितला, कुणी उपदेश केला. मुरुमच्या एका पोरानं मात्र उलट टपाली लिहिलं, "बसा पाव्हणं, संभाळून, नाव डगमगतीया." मग वर्षभर तो नावाडी आणि मी प्रवासी. एक दिवस त्याच्या गावाहून कार्ड आलं. वर श्री नव्हतं, कोपरा फाडलेला, अक्षर वेगळं, आणि एकच ओळ, "आमचा नावाडी परवा गेला." मयताची खबर अशीच येते, पण मला वाटलं, काय झकास डाव टाकला गड्यानं. मी खुशीत लिहिलं, "मेलास तरी वल्हं सोडू नकोस, पैलतीर लांब आहे." उत्तर आलं, "पोरा, मी त्याचा बाप. मला नाव हाकाया येत न्हाय. पर त्याची आई तुझी कार्डं वाचून घेती. तू लिवत जा." तेव्हापासून प्रवासीही मीच आणि नावाडीही मीच. पुढं कधीतरी आईनं लिहवून घेतलं, "त्याला आता काठाला लाव बाळा, लई दमला आसंल." मी कार्ड घेतलं, पत्ता घातला, आणि हात थांबला. आजही तो पुढं सरकत नाही.