घरी नेणारं माणूस

रोझेर ऊलेटचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. कागदगिरणीत होता तेव्हाही तो याच वेळी उठायचा, पण तेव्हा हातात कॉफी असायची. आज औषध कालवलेलं पाणी होतं, खारट आणि बुळबुळीत. अर्धं काल संध्याकाळी संपवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, असं कागदावर लिहिलं होतं. त्याने घड्याळ समोर ठेवलं आणि एकही पेला चुकवला नाही.

एकोणचाळीस वर्षं त्याने गिरणीतले बॉयलर आतून धुतले होते. भिंतीवर राख राहिली तर तपासनिसाला चीर दिसत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आता आतडं धुवायचं होतं. बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला. रोझेर त्रेसष्टचा झाला, तरी दुर्बिणीची तपासणी टाळत आला होता.

सात वाजता तो इस्पितळात पोचला.

"घरी कोण नेणार?" नर्सने विचारलं.

"मीच. दोन मैल तर आहे. चालत आलो तसा चालत जाईन."

"काका, गुंगीचं इंजेक्शन असतं. तुमचं माणूस इथे बसलेलं दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. फोनवर सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणतात."

"मग पुढच्या महिन्यातली तारीख देऊ?"

म्हणजे पुन्हा तेच पाणी. केलेलं काम वाया घालवणं त्याला जमत नसे. शिवाय आज परत गेलो तर आपण पुन्हा येणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी टेक्ससला. त्याने बहिणीला फोन लावला.

"क्लोदेत, इस्पितळात येतेस? तपासणी झाली की मला घरी न्यायचंय."

"माझ्या डोळ्यांचं विसरलास? गाडी सोडून वर्ष झालं. लिओला पाठवते."

लिओ तिचा नवरा. बत्तीस वर्षांपूर्वी गिरणीत अकरा आठवडे संप चालला आणि सातव्या आठवड्यात लिओ फाटकातून आत कामावर गेला. अशा माणसाशी त्या गावात कुणी बोलत नाही. चर्चमध्ये एका बाकावर बसले तरी नाही. रोझेर बहिणीकडे आला की लिओ मागच्या दाराने गॅरेजात जायचा.

"झोपलास का? हो म्हण, नाहीतर जा घरी आणि पी पुन्हा ते पाणी."

"पाठव," रोझेर म्हणाला.

लिओ वीस मिनिटांत आला. घाईत स्वेटर उलटा घातलेला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"तुम्ही यांचे कोण?" नर्सने विचारलं.

लिओने रोझेरकडे पाहिलं.

"मेहुणा," रोझेर म्हणाला. बत्तीस वर्षांत लिओबद्दल त्याने काढलेला तो पहिला शब्द.

शुद्धीवर आला तेव्हा लिओ तिथेच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन गाठी निघाल्या, मटाराएवढ्या. काढून तपासायला पाठवल्यात. आज काळजीचं काही दिसत नाही, पण राहिल्या असत्या तर बिघडू शकल्या असत्या. आणि आतून इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं आम्हाला."

"काम तसंच करायचं असतं," रोझेर जडावलेल्या जिभेने म्हणाला.

वाटेत लिओने न विचारता खानावळीसमोर गाडी थांबवली. कुट्टूची धिरडी आली. दोघं खायला लागले.

"गेल्या साली माझीपण एक गाठ काढली," लिओ ताटाकडे बघत म्हणाला. "गिरणीच्या त्याच विम्यावर."

"क्लोदेत बोलली होती."

"त्या विम्यासाठी संपात तुम्ही बर्फात उभे होतात. मी आत होतो."

"होतास." रोझेरने हात पुढे केला. "तो पाक दे इकडे."

लिओने मेपलच्या पाकाची बाटली सरकवली.

निवृत्त कामगारांना विमा, एवढंच त्या संपातून पदरात पडलं होतं. पगारवाढ सोडून द्यावी लागली होती. अकरा आठवड्यांचा पगार गेला कुठे, असं बायको मरेपर्यंत विचारायची. आज रोझेरने तिला सांगितलं असतं. मटाराएवढ्या तीन गाठींत गेला. दोन माझ्या, एक लिओची.