शिळ्या अंड्याचं प्रात्यक्षिक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर उत्तर एकच : ज्यांनी मला शेती शिकवली ते सर.

आम्ही आंधळगावचे विणकर. घरात दोन माग, शेत नाही. सर कृषी महाविद्यालयात शिकवायचे; आमच्या शाळेत धानावर बोलायला आले होते. मी दोन प्रश्न विचारले, म्हणून ते थेट घरी आले. वडील मागावरून न उठताच म्हणाले, "गुरुजी, आपल्याकडं बित्ताभर जमीन नाही. पोरगा शेती शिकून काय करन?"

"डॉक्टर व्हाले आधी आजारी पडा लागते का, भाऊ?"

वडिलांचा धोटा थांबला. मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्या एका वाक्यामुळे.

निवृत्तीनंतर सर जिल्हा परिषदेवर निवडून आले. सभेत रस्त्यांवर चर्चा चालू असली तरी ते खिशातला धानाचा दाणा दाताखाली फोडून पाहत. अध्यक्षांनी एकदा विचारलं, "गुरुजी, काय खाऊन राहिले?" सर म्हणाले, "तुम्ही वाटलेलं बियाणं. पोचट आहे."

मी कृषी सहायक झालो तेव्हा सरांनी सत्तरी ओलांडली होती. सिहोऱ्याकडच्या एका गावात माझं पहिलं प्रात्यक्षिक होतं. नोकरी अजून कायम व्हायची होती. सर न बोलावता पुतण्याच्या मोटारसायकलवर आले आणि पहिल्या रांगेत बसले.

विषय सोपा होता. पाण्यात मीठ घालत जायचं. अंडं तरंगलं की मीठ पुरलं. मग बियाणं टाकायचं. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी जातात. माझं अंडं चिमूटभर मिठातच तरंगलं. मी खूश झालो. धान टाकलं, वर जेमतेम पाच-सहा दाणे आले. "एक नंबर बियाणं," मी जाहीर केलं. टाळ्याही पडल्या.

सर म्हणाले, "अंडं फोड."

"सर, कार्यक्रम झाल्यावर..."

"आत्ता फोड."

अंडं आठवडाभर माझ्या गाडीच्या डिकीत होतं, तेही मे महिन्यात. फोडलं आणि पहिली रांग शेवटची झाली. सर तेवढे जागेवर होते.

"हे झालं सरकारी अंडं," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आता कोंबडीचं आणा."

एका काकूंनी घरून ताजं आणलं. ते बुडालं. सडकं अंडं हलकं असतं; मीठ पुरलंच नव्हतं. मुठी-मुठीने मीठ घातल्यावर वर आलं, आणि त्याच बियाण्याच्या पोचट दाण्यांनी पाणी झाकून गेलं. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, दरसाल सडकंच आणत जा. त्याच्यानंच ध्यानात येते."

निघताना सरांनी एवढंच विचारलं, "अहवालात लिहिशील ना?" मी हो म्हणालो. दोन दिवस कागद कोराच राहिला. पंधरवड्यानं सरांना हे पत्र टाकलं :

"आदरणीय सर, सा. न.

लिहिलं. अंडं शिळं होतं, मी पाहिलं नाही आणि खराब बियाणं चांगलं ठरवलं, असं सरळ लिहिलं. तालुक्याच्या साहेबांनी बोलावून विचारलं, 'हे कायले लिहिलं? कायम व्हायचं नाही का?' मी म्हणालो, 'नाही तर दुसरा सहायकही असंच करन.' त्यांनी सही करून शेरा मारला : अंडे ताजे असावे. तो शेरा आता तालुकाभर परिपत्रक म्हणून फिरून राहिला. नोकरीचं अजून काही कळलं नाही. भीती वाटते, पण झोप लागते.

पुढचं प्रात्यक्षिक गुरुवारी आहे. जमलं तर या. पहिल्या रांगेत बसायला दुसरं कोणी तयार नाही.

आपला विद्यार्थी"