अर्धा जांभळा शिक्का

आमच्या घरी पेपर वाचायचा म्हणजे खिडक्यांतून वाचायचा. सकाळी साडेसातला तो माझ्या हाती येई तोवर त्याला पाच-सहा चौकोनी भोकं पडलेली असत, आणि अग्रलेखाच्या मधोमध समोर बसलेल्या नवऱ्याचं नाक दिसे. ही भोकं पाडणाऱ्या माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि चाळीस वर्षं आम्ही अहो-जाहो करत भांडत आलो आहोत. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मला विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा त्यांनी त्या दिवशीच्या पेपरातलं शब्दकोडं कापून नेलं.

वन्सं एका दैनिकाच्या कात्रण विभागात होत्या. विभाग म्हणजे त्या एकट्याच. जिन्याखाली एक खोली, लोखंडी कपाटं, हजारो खाकी पाकिटं, खळीची बाटली आणि हातभर लांब कात्री. ऑफिसात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. 'कात्री आहे का जागेवर?' असंच विचारत. रोज लहानमोठे एकवीस पेपर चाळायचे, कापायचे, पाकिटात घालायचे, आणि बातमीदाराने मागितलं की दोन मिनिटांत हातात ठेवायचं. बातम्या त्या कर्तव्य म्हणून कापत. जीव होता तो निविदांच्या जाहिरातींवर, शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत येतात त्या. त्यांचं म्हणणं असं की, बातमी लिहिणारा चार लोक वाचतील म्हणून सांभाळून लिहितो. निविदा काढणाऱ्याला खात्री असते की कुणी वाचत नाही, म्हणून तो खरं लिहितो.

आणि एक नियम. कात्री लावण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलीने पेपरचं नाव आणि तारीख. तारीख नसलेलं कात्रण म्हणजे त्यांच्या लेखी केर. हे एवढं पाल्हाळ लावलं, कारण या नियमावर एक मुलगी कोठडीतून बाहेर आली. आता ते सांगते.

आमच्या गावाच्या कडेला लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार आहे. कुंपणाला खेटून वस्ती आहे, एक शाळाही आहे. वन्संच्या पेपरातल्या सव्वीस वर्षांच्या एका बातमीदार मुलीने छापलं की कोठार गुपचूप दुप्पट वाढवलंय, वस्तीपासून राखायचं अंतर उरलेलं नाही, आणि आग लागली तर पाणी द्यायची मोठी टाकी चार वर्षं कोरडी आहे. गावात गहजब झाला. तिसऱ्या दिवशी मुलीला अटक. आरोप, राष्ट्रीय सुरक्षेची गुपितं फोडली. आरोपपत्रात अकरा मुद्दे होते, पण अधिकाऱ्यांना एकच गोष्ट हवी होती: आतल्या कुणी कागद पुरवले? कोठाराच्या कचेरीतल्या एका कारकुनाला त्यांनी नुसत्या संशयावर घरी बसवलंही होतं. मुलगी म्हणत होती, आतलं कुणी नाही, मला कात्रीबाईंनी पाकीट दिलं. ते हसले. मग जिन्याखालच्या खोलीला कुलूप ठोकलं, ते पाकीट उचललं, लाखेने बंद केलं आणि त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारला.

म्हणजे पुरावा आरोप करणाऱ्याच्याच खिशात. सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला. अकराच्या अकरा गोष्टी आधी छापून आल्या होत्या हे दाखवता आलं नाही, तर मुलगी कित्येक महिने आत आणि कारकून कायमचा बाहेर.

वन्संनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, घाबरले. "तू यात पडू नकोस. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय."

"पडू नको कसलं, दादा? खड्डा मीच खणलाय."

मी खरं सांगते, मीही त्यांच्या बाजूची नव्हते. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. कुठे किती दारूगोळा आहे हे चहा पिता पिता वाचायला मला आवडत नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलं. उद्या शत्रूने वाचलं तर? वन्सं पायात चपला सरकवत म्हणाल्या, "शत्रू वाचतच असणार, वहिनी. तो वर्गणी भरतो. वाचत नाही ते आपण. येताय का? पानं उलटायला दोन हात कमी पडतील."

गेले. रागातच गेले, पण गेले.

वाचनालय पाचला बंद होतं. आम्ही बाराला पोचलो. जुन्या पेपरांचे बांधीव खंड मागच्या खोलीत होते, प्रत्येक उशीएवढा जाड. ग्रंथपाल हा गळ्यात चष्मा लटकवणारा, कधी न हसणारा माणूस. त्याने एकेक खंड लहान मूल ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि बजावलं, पान फाटलं तर मी जबाबदार नाही, तुम्ही आहात. वन्सं डोळे मिटून तारीख सांगायच्या आणि मी उलटायची. रस्ता रुंद करण्याची निविदा. सापडली. जादा विजेच्या तारा टाकण्याची. सापडली. नव्या गोदामांच्या लोखंडी दारांची, लांबीरुंदीसकट. सापडली. कोठाराच्या प्रमुखाने शाळेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण, 'आमची जागा आता दुप्पट झाली आहे' असं अभिमानाने सांगणारं, फोटोसह. सापडलं. तिसऱ्या-चौथ्या मुद्द्यापाशीच माझा राग कुठल्या कुठे गेला. कान तापले, बोटं काळी झाली, आणि मी सत्तरीला टेकलेली बाई 'हे बघा, हे बघा' करत खुर्चीतून उठत होते. चार वाजता दहा झाले.

अकरावा मुद्दा टाकीचा. सगळी बातमी उभी होती ती यावर, आणि हे आतल्या फायलीशिवाय कुणाला कळूच शकत नाही, असं सरकारचं म्हणणं. वन्संना पक्कं आठवत होतं. टाकीच्या दुरुस्तीची निविदा रद्द केल्याची चार ओळींची सूचना, एका छोट्या सायंदैनिकात. ते दोन वर्षांपूर्वी बंदही पडलं. गावात त्याचे अंक उरले होते फक्त इथे.

मी पान उलटलं. तिथे खिडकी होती.

चौकोनी, स्वच्छ, पलीकडचं पान दाखवणारी. उजवा खालचा कोपरा किंचित तिरका. जगात दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण मी तीस वर्षं रोज सकाळी त्याच तिरक्या कोपऱ्यातून नवऱ्याचं नाक पाहिलेलं आहे.

"वन्सं," मी हळूच म्हटलं, "हे भोक तुमचं आहे."

त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी ऑफिसातल्या एकुलत्या एका अंकावर चहा सांडला. पाकिटात तेवढी जागा रिकामी राहते हे सहन होईना. जेवणाच्या सुट्टीत इथे आल्या, पर्समधून नखं कापायची कात्री काढली आणि वाचनालयाचा अंक कापला. आयुष्यात केलेली एकच चोरी, आणि आज तीच मुलीच्या गळ्याशी आली.

मी म्हटलं, आता रडायला वेळ नाही, मागे काय होतं ते आठवा. त्यांनी डोळे मिटले. पेन्सिलीने नाव, तारीख. आणि? मी खंडाचं पान उलटून उजेडात धरलं. खिडकीच्या कडेला वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, आणि तो अर्धाच होता. उरलेला अर्धा लाखेच्या आत, 'गोपनीय' पाकिटात बसला होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ग्रंथपाल खंडांची चळत शेजारी रचून, एक छातीशी धरून बसला होता. त्याला आम्ही 'खंड घेऊन या' एवढंच सांगितलं होतं. मुलगी पिंजऱ्यात उभी, ओठ फुटलेले, पण मान ताठ. वन्संनी दहा मुद्दे तारखांसह घडाघडा म्हटले. न्यायाधीश प्रत्येक पान स्वतः पाहत होते. सरकारी वकील हुशार होता, मान्य करते. तो म्हणाला, हे तुकडे सुटे सुटे निरुपद्रवी आहेत, पण एका पाकिटात घातले की त्यांचं गुपित होतं, आणि ते गुपित या बाईंनी तयार केलं. मला क्षणभर वाटलं, संपलं.

वन्सं म्हणाल्या, "शत्रूकडेही कात्री आहे, साहेब. कुंपणालगतच्या शाळेकडे नव्हती. ती मी दिली."

मग त्याने खोचक विचारलं, म्हणजे हाती लागेल ते तुम्ही वाटत सुटता?

"नाही. एक कात्रण मी या मुलीला दिलं नाही. ते कशाचं हे इथेही सांगणार नाही. त्याचा उपयोग कुंपणाबाहेर राहणाऱ्याला काडीचा नव्हता, आत शिरणाऱ्याला होता. ते मी गॅसवर जाळलं. एकतीस वर्षांत जाळलेलं एकच."

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात जळका वास आला म्हणून मी त्यांना फडाफडा बोलले होते, ते मला बाकावर बसल्या बसल्या आठवलं. मुलगीही चकित होऊन बघत होती. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

राहिला अकरावा. वन्संनी ग्रंथपालाकडे वळून हात जोडले आणि भर कोर्टात चोरी कबूल केली. तारीख, वेळ, कात्रीची लांबी, सगळं. त्या माणसाचा चष्मा छातीवरून नाकावर गेला. सरकारी वकील उसळला, पाकीट गोपनीय आहे, उघडता येणार नाही. न्यायाधीश म्हणाले, "मी उघडतो. तुम्हाला पाहायचं नसेल तर खिडकीबाहेर बघा."

लाख फुटली. त्यांनी एकेक चिठोरा बाजूला केला आणि एक उचलला. खंड मागवला. चिठोरा खिडकीत ठेवला. तिरका कोपरा तिरक्या कोपऱ्यात बसला, अर्धा जांभळा गोल अर्ध्या गोलाला जाऊन भिडला. न्यायाधीश मान वाकवून पाहतच राहिले. मी शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांचा हात सगळ्यांदेखत घट्ट धरला.

मुलगी संध्याकाळी घरी गेली. कारकुनाला आठवड्याने कामावर घेतलं. टाकी दोन महिन्यांनी भरली. तिच्या दुरुस्तीची निविदाही वन्संनी कापली.

खटला मिटल्यावर कात्रण परत मिळालं. ते घेऊन त्या वाचनालयात गेल्या, मीही गेले. ग्रंथपालाने खंड उघडून दिला आणि खळ लावताना डोक्याशी उभा राहिला. वन्संनी ते खिडकीत बसवलं, कडा अंगठ्याने दाबल्या. झाल्यावर त्याने वाकून शिक्का जुळलाय की नाही ते पाहिलं, मान डोलावली आणि पहिल्यांदाच हसला.

तेव्हापासून तिथे शिरताना त्यांना एकटीला पर्स उघडून दाखवावी लागते. त्या ती अशा थाटात उघडतात की मागे रांगेत मला ताटकळावं लागतं.